खालची बारीक ओळ

माझी नात तिसरीत आहे. परवा ती गणिताचं पुस्तक घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. पानावर एक चित्रालेख होता. एका शाळेतल्या मुलांना कोणतं फळ आवडतं, याची माहिती त्यात होती. आंब्यापुढे सहा हसरे चेहरे, केळ्यापुढे चार, पेरूपुढे तीन, चिकूपुढे दोन. खाली प्रश्न होता : केळं आवडणारी मुलं किती? तिनं एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून मोजलं आणि वहीत लिहिलं, चार.

"नाना, बरोबर ना?"

मी म्हटलं, "चित्राच्या खाली एक बारीक ओळ आहे. ती वाच बरं."

तिनं वाचली. एक चित्र म्हणजे पाच मुलं. ती क्षणभर गप्प झाली आणि मग खोडरबर शोधायला लागली. चाराचे वीस झाले.

आपण हसतो आणि म्हणतो, पोर आहे, शिकेल. पण चित्र बघायचं आणि खालची ओळ सोडून द्यायची, ही चूक तिसरीतल्या मुलांपुरती नाही. मोठी माणसं, वर्तमानपत्रं, सरकारं सगळ्यांनीच ती केली आहे. आकडे गोळा करणं, मांडणं आणि त्यांचा अर्थ लावणं यालाही एक इतिहास आहे. मी काही गणिताचा माणूस नाही. कवितेच्या ओळीतल्या मात्रा मोजण्यापुरतंच माझं नि गणिताचं नातं. पण हा इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहिलं की, यातला बराचसा भाग घराच्या चौकटीत बसणारा आहे. घरातल्या मुलांना तो गोष्टीसारखा सांगता येईल.

चौकटीवरून आठवलं. आमच्या अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं. दुधाचा हिशेब ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर कोळशानं रेघा ओढून ठेवायची. चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी पाचवी तिरपी. पुढे शाळेच्या पुस्तकात 'ताळ्याच्या खुणा' हा धडा आला तेव्हा मला तो नवा वाटलाच नाही. अम्मीच्या हिशेबात आणखी एक बारकावा होता. ज्या दिवशी दुधाचा खाडा होई, त्या दिवशी ती जागा मोकळी सोडत नसे. तिथे एक गोल काढायची. मी एकदा विचारलं, कशाला? ती म्हणाली, "मोकळी जागा दिसली तर दूधवाला म्हणेल, तू रेघ ओढायला विसरलीस. गोल दिसला की कळतं, त्या दिवशी दूध आलंच नाही." काही न येणं वेगळं आणि मोजायचं राहून जाणं वेगळं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला हा फरक ठाऊक होता. पुढे एकदा हाच फरक देशभर विसरला गेला. त्याकडे मी येणारच आहे. आधी जरा लांब जाऊ.

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दर आठवड्याला एक छापील पत्रक निघत असे. शहराच्या कोणत्या भागात किती माणसं मेली, कशानं मेली, किती बालकांचा बाप्तिस्मा झाला, याचे आकडे त्यात असत. प्लेगच्या धास्तीतून ही पत्रकं सुरू झाली होती. लोक ती पैसे देऊन घेत. घेऊन काय करत? एकूण बेरीज वाढली की घटली तेवढं बघत. एखादा विचित्र मृत्यू आढळला तर चार लोकांत बोलायला विषय मिळे. पैसेवाले प्लेगचा अंदाज घेऊन शहर सोडायचं की नाही ते ठरवत. आणि मग पत्रक रद्दीत जाई. ही तक्रार जॉन ग्राँट नावाच्या एका लंडनकरानं केली आहे. हा माणूस विद्वान प्राध्यापक नव्हता. बटणं, सुया, दोरे असल्या किरकोळ मालाचा तो व्यापारी होता. लोकांनी टाकून दिलेली पत्रकं त्यानं कित्येक वर्षांची एकत्र केली, एकाखाली एक मांडली आणि १६६२ साली एक छोटंसं पुस्तक काढलं. आपण यात वापरलं ते दुकानातलंच अंकगणित आहे, असं त्यानं स्वतःच सांगितलं आहे.

त्या दुकानी हिशेबातून काय निघालं? लंडनमध्ये लाखोंच्या लाखो, वीस-वीस लाख माणसं राहतात, असं लोक छातीठोकपणे सांगत. ग्राँटनं हिशेब केला तो सुमारे ३ लाख ८४ हजारांचा. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, हेही त्याला दिसलं. आणि जन्मलेल्या शंभर बालकांपैकी छत्तीस सहा वर्षांची होण्याआधीच मरतात, असा त्यानं अंदाज केला. गंमत म्हणजे पत्रकात मरणाऱ्याचं वय लिहिलेलंच नसे. मग त्यानं बालकांनाच होणारे आजार वेगळे काढले आणि त्यावरून वयाचा माग काढला.

त्याची सगळ्यात मोठी कामगिरी मला याहून वेगळी वाटते. त्यानं विचारलं, हे आकडे आणतं कोण? तर मृताच्या घरी जाऊन कारण ठरवण्याचं काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे असे. त्यांना चार पैसे दिले की लाजिरवाण्या आजाराऐवजी दुसराच आजार लिहिला जाई. प्लेगच्या वर्षी घरावर पहारा बसू नये म्हणून घरचे लोक प्लेग लपवत. ग्राँटनं हे ओळखलं कसं? प्लेगच्या वर्षांत इतर आजारांचे मृत्यूही एकदम फुगलेले त्याला दिसले. इतके लोक अचानक दुसऱ्या कारणांनी कसे मेले? म्हणजे त्यातले पुष्कळ प्लेगचेच होते. आकडा खोटा असूनही त्यानं त्याच्याकडून खरं वदवून घेतलं.

आमच्या अम्मीला सात मुलं झाली. आम्ही पाच वाचलो. दुधाच्या रेघा चौकटीवर होत्या. त्या दोघांची रेघ कुठेच नव्हती. ग्राँटचा तो शंभरात छत्तीसचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. मुलांना आकडे शिकवताना ही गोष्ट आपण त्यांच्यापर्यंत पोहोचवायला हवी. तक्त्यातल्या प्रत्येक चौकोनात माणसं असतात.

आता घरात घडलेली एक गोष्ट. स्कॉटलंडमध्ये १७५९ साली विल्यम प्लेफेअर नावाचा मुलगा जन्मला. वडील धर्मोपदेशक होते. तो लहान असतानाच ते वारले आणि मुलांची जबाबदारी थोरल्या भावावर, जॉनवर आली. हा जॉन पुढे नामांकित गणिती झाला. धाकट्या भावाला त्यानं एक काम लावून दिलं. रोज तापमापी बघायची आणि जो आकडा येईल तितक्या उंचीची खूण मापाच्या रेघेवर करायची. दिवसामागून दिवस खुणा वाढत गेल्या आणि थंडी-ऊन कागदावर दिसू लागलं. आकड्यांत सांगता येईल ते सगळं रेघांतही दाखवता येतं, हे आपल्याला भावानं शिकवलं, अशी कृतज्ञता विल्यमनं पुढे म्हातारपणाकडे झुकताना नोंदवून ठेवली आहे.

हा धाकटा भाऊ मोठेपणी जेम्स वॉटच्या कारखान्यात नकाशे काढायचं काम करत होता. पुढे धंद्यांत त्यानं पुष्कळ धक्के खाल्ले, नावही फारसं चांगलं राहिलं नाही. पण १७८६ साली त्यानं इंग्लंडच्या व्यापाराचा एक अ‍ॅटलस काढला. त्यात नकाशा एकही नव्हता. ४४ आलेख होते. आडव्या दिशेनं वर्षं, उभ्या दिशेनं पैसा, आणि त्यातून वाहत जाणाऱ्या आयातीच्या नि निर्यातीच्या रेघा. आज शाळेतलं कुठलंही पोर काढतं तो आलेख व्यापाराच्या आकड्यांसाठी असा पहिल्यांदा छापला गेला.

त्या ४४ आलेखांतला एक मात्र वेगळा होता. स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे प्लेफेअरला मिळाले होते. एका वर्षाची रेघ ओढणार कशी? मग त्यानं सतरा ठिकाणांसाठी आखूड-लांब पट्ट्या काढल्या. आपल्या मुलांच्या पुस्तकातला स्तंभालेख तो हाच. माहिती अपुरी पडली म्हणून काढलेला! स्वतः प्लेफेअरला तो इतर आलेखांच्या मानानं कमी उपयोगाचा वाटत होता, कारण त्यात काळ दिसत नव्हता. पुढे १८०१ साली त्यानं वर्तुळाचे भाग पाडून तुर्की साम्राज्याचा आशियात, युरोपात आणि आफ्रिकेत किती विस्तार आहे ते दाखवलं. तो झाला आपला वृत्तालेख. नववी-दहावीच्या परीक्षेत आपण ज्यांच्यासाठी घाम गाळला, ती सगळी चित्रं एका घरगुती धड्यातून निघाली आहेत.

पण चित्र काढणाऱ्याच्याही हातून चकवा होऊ शकतो. १८२१ साली प्लेफेअरनं अडीचशे वर्षांतला गव्हाचा भाव आणि कारागिराची आठवड्याची मजुरी एकाच आलेखात दाखवली. गव्हाचे उंच उंच खांब आणि तळाशी मजुरीची सपाट रेघ. बघणाऱ्याला वाटतं, बिचारा मजूर, भाव कुठे नि मजुरी कुठे! प्रत्यक्षात प्लेफेअरला सांगायचं होतं ते उलटंच. मजुरीच्या मानानं गहू पूर्वी कधी नव्हता इतका स्वस्त आहे, असं त्याचं म्हणणं होतं. आठवडाभराच्या मजुरीत किती गहू येतो, हा खरा प्रश्न. तो भागाकार त्यानं चित्रात घेतलाच नाही. म्हणून मुलांना सांगावं, खांब उंच आहे एवढ्यावर थांबू नका. तो कशाचा खांब आहे, ते विचारा.

एका डॉक्टरची गोष्ट सांगतो. १८५४ साली ऑगस्टच्या अखेरीला लंडनच्या सोहो भागात पटकी उसळली. दहा दिवसांत पाचशेवर माणसं गेली. घाणेरड्या हवेनं पटकी होते, असा तेव्हाचा पक्का समज होता. डॉ. जॉन स्नो यांना पाण्याचा संशय होता. त्यांनी नोंदणी कार्यालयातून मृतांची यादी आणली आणि घरोघर हिंडले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाच्या आसपासचे होते. दहा मृत्यू मात्र अशा घरांतले होते की, त्यांना दुसरा पंप जवळ पडत होता. आता इथे कुणी म्हणालं असतं, बघा, तुमचं म्हणणं चूक. स्नो त्या घरांत गेले. पाच घरांनी सांगितलं, आम्ही पाणी ब्रॉड स्ट्रीटवरूनच आणवतो. आणखी तिघं मुलं होती. त्यांची शाळा त्या पंपाजवळ होती.

नंतर स्नोंनी जे मेले नाहीत त्यांच्याकडे लक्ष वळवलं. पंपाजवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं राहत होती. त्यातली पाचच दगावली. आश्रमाची स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीत सत्तरच्या वर कामगार होते. पटकीनं त्यातलं कुणीच गेलं नाही. त्यांना भट्टीची बिअर फुकट मिळे आणि भट्टीची विहीरही वेगळी होती. ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. दांडा निघाला आणि साथ थांबली, अशी ही गोष्ट बहुतेकदा सांगितली जाते. पण साथ त्याआधीच उतरणीला लागली होती, कारण लोक तो भाग सोडून पळाले होते. हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपल्या बाजूचा आकडाही त्यांनी फुगवला नाही. मुलांना ही गोष्ट सांगताना हा शेवटचा भाग गाळू नये, असं मला वाटतं.

हे झालं परदेशातलं. आपल्या मातीतलंही उदाहरण आहे, आणि तेही एका गणिताच्या मास्तरांचं. गोपाळ कृष्ण गोखले यांना आपण नेमस्त पुढारी म्हणून ओळखतो. पुण्यात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. त्यात गणितही होतं. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून चालत होतं. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकारनं सात कोटींची शिल्लक दाखवली होती. इतकी शिल्लक आधी कधी पडली नव्हती. सभासद अर्थमंत्र्यांचं अभिनंदन करत होते. गोखले उभे राहिले आणि म्हणाले, मला या अभिनंदनात मनापासून सामील होता येत नाही.

का? कारण तक्त्यातली बेरीज बरोबर असली, तरी तिचा अर्थ चुकला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते, वरून प्लेग चालू होता. रयत भुकेली आणि खजिना भरलेला, हे कसं? गोखल्यांनी उलगडून दाखवलं. रुपयाचा भाव पौंडाच्या मानानं घसरत होता तेव्हा इंग्लंडला पाठवायच्या रकमेसाठी सरकारला जास्त रुपये लागत. त्यासाठी कर वाढवले गेले. पुढे रुपया सावरला. खर्चाचं ते ओझं हलकं झालं, पण कर तसेच राहिले. शिल्लक आली ती तिथून. भरभराटीचा तिच्याशी संबंध नव्हता. गरजेपेक्षा जास्त पैसा रयतेच्या खिशातून काढला गेल्याची ती खूण होती.

आणि पुरावा म्हणून त्यांनी काय उचललं? मीठ. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता. लोकसंख्या वाढत असताना मिठाचा खप त्या मानानं वाढत नव्हता. मीठ ही काही चैनीची वस्तू नव्हे. गरिबाला मीठही हात आखडून घालावं लागत होतं. सरकारच्याच अहवालांतले, सरकारच्याच खात्यांनी छापलेले आकडे. फक्त एक आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून पाहिला होता. हे आकडे शोधून देण्यात त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत झाली. तेही शाळामास्तर. १९०३ साली मिठावरचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपयावर. हे सगळं एका भाषणानं झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण दोन मास्तरांचं अंकगणित त्या चिमूटभर मिठापाशी पोहोचलं होतं, एवढं खरं.

आता मघाशी म्हटलं होतं तिकडे येतो. सप्टेंबर २००४. २००१ च्या जनगणनेचे धर्मवार आकडे जाहीर झाले आणि ठळक मथळे आले. दहा वर्षांत मुसलमानांची वाढ ३६ टक्के, आधीच्या दशकापेक्षाही जास्त! आमच्या नेहमीच्या कट्ट्यावर एका मित्रानं वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "हे काय रे?" एवढंच त्यानं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा संपवून घरी आलो. त्या ३६ टक्क्यांत मी होतो, माझी बायको होती, माझी दोन मुलं होती. आपण घरात बसल्या बसल्या कुणाला तरी घाबरवणारा आकडा झालो आहोत, ही भावना कशी असते ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

एक-दोन दिवसांत खुलासा आला. १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती. तिथे बहुसंख्य मुसलमान. ते १९९१ च्या मोजणीत नव्हते, २००१ च्या मोजणीत आले, आणि त्या दोन बेरजांची सरळ तुलना केली गेली. आसाममध्येही १९८१ ला जनगणना झाली नव्हती, त्यामुळे आधीच्या दशकाचा आकडाही बिघडलेला होता. ही दोन्ही राज्यं सगळीकडून वगळून सारख्याची सारख्याशी तुलना केली, तेव्हा वाढ निघाली २९.३ टक्के. आधीच्या दशकापेक्षा कमी. मुसलमानांच्या वाढीचा वेग इतरांपेक्षा जास्त होता, हे त्यातही दिसत होतं आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण तो वेग चढत नव्हता, उतरत होता. २०११ च्या जनगणनेत तो २४.६ टक्क्यांवर आला, हिंदूंचा १६.८ टक्क्यांवर. दोन्ही घरांत पाळणा कमी हलू लागला होता.

तेव्हा माझी मुलगी सहावीत होती. शाळेत कुणीतरी तिलाही काही बोललं होतं. ती घुश्श्यात होती. मी तिला समजवायला बसलो आणि मला एकच उदाहरण सुचलं. म्हटलं, "समज, गेल्या वर्षी तुमच्या वर्गाची मोजणी झाली त्या दिवशी शेवटचे दोन बाक गैरहजर होते. मोजली फक्त चाळीस मुलं. या वर्षी सगळी हजर. मोजली अठ्ठेचाळीस. बाईंनी फळ्यावर लिहिलं, वर्गात वीस टक्के वाढ. बरोबर?"

ती लगेच म्हणाली, "पण अब्बा, वाढ कुठे झाली? ती मुलं तर आधीपासून होतीच."

बस्स. मला कट्ट्यावर जे सांगता आलं नव्हतं ते सहावीतल्या पोरीनं एका वाक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी तेच उदाहरण मित्राला सांगितलं. तो हसला, म्हणाला, "अरे, मग हे मथळ्यात का नाही?" मथळ्यात ते कधीच नसतं. ते खालच्या बारीक ओळीत असतं. अम्मीनं चौकटीवर काढलेला तो गोल मला त्या दिवशी आठवला. मोकळी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे तिला कळत होतं.

म्हणून घरातल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना माझं सांगणं आहे. मुलाला माहितीचा अर्थ लावायला शिकवण्यासाठी आपण पदवीधर असायला हवं असं नाही. शाळा त्यांना खांब काढायला शिकवते. खांबाशी बोलायला घरात शिकवता येतं. वर्तमानपत्रात रोज आपल्या गावाचं कमाल आणि किमान तापमान छापून येतं. प्लेफेअरच्या भावासारखं ते मुलाला चौकटीच्या कागदावर महिनाभर मांडायला सांगा. मग विचारा, कोणत्या दिवशी रेघ एकदम खाली आली? त्या दिवशी काय झालं होतं? पाऊस पडला होता का? विजेच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर असतो. कोणता महिना सगळ्यात जास्त? मे असेल तर पंखा आठवेल. नोव्हेंबर असेल तर दिवाळीची रोषणाई किंवा पाहुणे आठवतील. उत्तर बरोबर आलं की थांबू नका. तसं का झालं असेल, हे त्यालाच शोधू द्या. त्याचं कारण चुकलं तरी हरकत नाही. आणखी एक महिना मोजलं की ते त्याचं त्यालाच कळेल.

आणि एखादा आकडा कुणी अंगावर फेकला, तर त्याला विचारायची सवय लावा : हे मोजलं कुणी? कशासाठी? कोण मोजायचं राहिलं? आणि एक चित्र म्हणजे किती? ग्राँट, स्नो, गोखले यांनी तरी याहून वेगळं काय विचारलं होतं? गणिताच्या तासाला हे प्रश्न गुणांचे असतील. बाहेरच्या जगात त्यांवर कधी कुणाचा जीव, कधी कुणाचं मीठ, तर कधी शेजारधर्म अवलंबून असतो.

त्या फळांच्या चित्रालेखानंतर नातीनं स्वतःचा एक चित्रालेख करायचं मनावर घेतलं. विषय : आपल्या घरात आठवड्यात कोण किती चहा पितं. सात दिवस ती वही घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येरझाऱ्या घालत होती. रविवारी रात्री तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. प्रत्येकाच्या नावापुढे कपांची चित्रं. माझ्यापुढे चौदा कप.

मी म्हटलं, "चौदा? आठवड्याला चौदा म्हणजे रोजचे दोन. काही फार नाही हं."

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाना, खालची ओळ वाचा."

मी चष्मा लावला. खाली बारीक अक्षरात तिनं लिहिलं होतं : एक चित्र म्हणजे दोन कप. आणि त्याच्याही खाली, आणखी बारीक अक्षरात : रविवारी मामू आले होते, त्यांचा चहा यात धरलेला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)